शालनच्या अठरा कॅसेटी

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, मी न बघता एक बटण दाबलं आणि एका बाईच्या नवऱ्याचा आवाज पुसला. न बघता – म्हणजे डोळे चांगले उघडे होते, चष्मासुद्धा पुसलेला होता – पण न बघता.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, जिच्यापुढं पोटातलं सगळं ओकते त्या डॉक्टरीणबाईंनाही नाही. देवाला सांगितलं असतं, पण तो काय, तिथंच होता. त्यानं काही हात धरला नाही. तेव्हापासून या विषयावर आमचं दोघांचं बोलणं बंद आहे.

तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणूनच असेल.

आता मी सदुसष्ट वर्षांची आहे. साताऱ्यात मुलीकडं राहते. एका गुडघ्यात स्टील आहे आणि गोड बंद आहे – म्हणजे घरातल्यांच्या समजुतीप्रमाणं बंद आहे. गुळाचा खडा मी चष्म्याच्या डबीत ठेवते. हे एवढ्यासाठी सांगितलं की माझ्याबद्दल तुमचं मत उगीच चांगलं होऊ नये. लपवाछपवीचा हात माझा जुना आहे.

पण जिच्याबद्दल सांगायचंय ती बावन्न वर्षांची बाई, म्हणजे तेव्हाची मीच. तिला बघा तरी. सांगलीच्या एका कॉलेजात संगणकाच्या लॅबची प्रमुख. केस काळेभोर – बाटलीतून आलेले. स्कूटीवर गॉगल. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तो वाजेल अशीच चालायची, म्हणजे बाई येतायत हे पोरांना व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला कळावं. मागं सगळे तिला ‘सर्व्हरबाई’ म्हणत. तिला वाटायचं, कौतुकानं म्हणतात! माऊसला हात लावणं तिला कमीपणाचं वाटे. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि कमांडवर कमांड. कुणी नवीन सर लॅबमध्ये आले की मुद्दाम त्यांच्यादेखत बोटं अशी चालवायची की जशी काही पेटीच वाजवतेय. कमांड चुकली की खोकायची.

हसा, हसा. मीही हसते तिला. पंधरा वर्षं हसतेय, पण ती काही जात नाही.

आता शालन. शालन आमच्या लॅबची मदतनीस. सकाळी मशीनवरची कापडं काढायची, संध्याकाळी घालायची, पोरांच्या चपला दाराबाहेर रांगेत लावायला लावायची. मूळची कोरेगावाकडची. तिकडं घरटी एक फौजी, तसा तिचाही नवरा फौजेत. पेन्शन घेऊन आला, सांगलीत एका ठिकाणी रखवालदार म्हणून लागला, दोघांनी नदीच्या बाजूला खोली घेतली – आणि चौथ्या वर्षी एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता गेला. एक बूट बांधलेला, एक तसाच. मग शालन आमच्याकडं लागली.

तिच्या गावात तेव्हा एक रीत होती. फोन दूर, आणि पत्रात फौजी गडी ‘मी सुखरूप आहे’च्या पुढं सरकायचे नाहीत. म्हणून कॅसेटी. एक कोरी कॅसेट घ्यायची, पलटणीतल्या कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर तासभर बोलायचं, आणि आसपासच्या गावचा जो कोणी सुट्टीवर निघाला असेल त्याच्या बॅगेत टाकायची. इकडच्या बायका ती ऐकायच्या आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत पाठवायच्या. शालननं एकदाही तसं केलं नाही. ती दर खेपेला नवी कॅसेट घ्यायची. मी विचारलं होतं का म्हणून. म्हणाली, “त्यांच्या बोलन्यावर आपलं बोलनं कशाला चढवायचं, बाई?”

हे वाक्य मी ऐकलं होतं. लक्षात घ्या – आधीच ऐकलं होतं.

अशा अठरा कॅसेटी. एका पुरात पाणी तिच्या खोलीत शिरलं आणि त्या ट्रंकेत भिजल्या. आमच्या लॅबच्या गच्चीवर आम्ही दोघींनी पेन्सिली घालघालून त्यांच्या फिती सोडवल्या आणि वाळवल्या. लग्नाचं शूटिंग करणारा एक ओळखीचा होता. तो म्हणाला, एकेकदा वाजतील, पुन्हा सांगता येत नाही. त्यानं जीव लावून एकेक कॅसेट वाजवली आणि कॉम्प्युटरमध्ये घेतली. खरंच, त्यानंतर बहुतेक तुटल्या, उरलेल्यांतून नुसती खरखर. पण आवाज सगळा त्यानं आपल्या एका जुन्या डिस्कवर भरून दिला – बाहेरून जोडायची, तपकिरी, जाडजूड डिस्क. शालननं तिला ब्लाऊजपीसची पिशवी शिवली. नाडीची. आणि एक दिवस ती पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

“हिची आणखी एक परत काढून ठिवा, बाई, कुठंतरी. आमच्याकडं पान्याचा काय भरवसा न्हाई.”

दहा मिनिटांचं काम. फार तर पंधरा.

त्या सकाळी मी ती डिस्क जोडली, आणि आम्ही एक कॅसेट ऐकली. फक्त एक. लॅब रिकामी होती. शालन स्टुलावर बसली, फडकं मांडीवर. आधी वाऱ्याचा आवाज, मग कुणाचं तरी खोकणं, मग – “शालू, ऐकतियास न्हवं?” आणि मग काहीच नाही. मला वाटलं बिघडलं. मी हात पुढं केला तर शालननं माझं मनगट धरलं. आणि त्या शांततेत ती म्हणाली, “व्हय.”

“बरफ लय हाय हितं. हात बाहेर काडवंना. म्हस व्याली का?” – पुन्हा शांतता. “रेडी झाली,” शालन म्हणाली. “आईचं गुडघं कसं हाईत?” – “हाईत तसंच.” – “थांब हां, च्या आला.” आणि घोट घेतल्याचे आवाज, एक, दोन, तीन, सावकाश. शालन थांबली. मीही थांबले. हजार कोसांवर, कित्येक वर्षांपूर्वी, एक माणूस चहा पीत होता आणि आम्ही दोघी बायका त्याचा चहा संपायची वाट बघत होतो. मग तो म्हणाला, “जेवलीस का?”

तो जागा सोडायचा, कळलं ना? प्रत्येक प्रश्नापुढं ती उत्तर देईल तेवढी जागा सोडायचा. त्याला माहीत होतं ती बोलणार. टेपच्या पेटीशी एकटी बसून बोलणार.

“जेवले,” शालन म्हणाली.

माझा नवरा माझ्यासमोर ताटावर बसायचा. चांगला माणूस, काही म्हणायला जागा नाही. पण मी जेवले का हे त्यानं उभ्या जन्मात विचारलं नाही – आणि विचारलं असतं तरी उत्तरासाठी थांबला नसता. मला त्या क्षणी शालनचा हेवा वाटला का? वाटला. एका विधवेचा हेवा. पुढं जे झालं ते हेव्यापोटी झालं असं म्हणायची सोय आहे खरी, पण ते खोटं ठरेल. झालं ते ऐटीपोटी. ऐट हेव्यापेक्षा फार हलकी गोष्ट आहे. म्हणूनच जास्त लाज वाटते.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल. कंटाळू नका.

गेल्या महिन्यात माझी नात सई – इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे – जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. मी तिच्या मागं कोथिंबीर निवडत उभी. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तिनं टाइप केलं – फायो. हे डिस्क किती पळते ते मोजायचं हत्यार. शर्यतीआधी बैल पळवून बघतात ना, तसं. कुठली डिस्क, लिहायचं की वाचायचं, किती वेळ – एवढं सांगायचं. ते डिस्कला दामटतं आणि शेवटी आकडा देतं, सेकंदाला इतकं लिहिलं, इतकं वाचलं. भानगड एकच. लिहायला सांगितलं, आणि एखाद्या फाइलऐवजी अख्ख्या डिस्कचंच नाव दिलं, तर ते डिस्कच्या पहिल्या टोकापासून लिहीत सुटतं. खाली कुणाचं काय आहे ते बघत नाही. त्याचं ते कामच नाही. बघायचं काम आपलं.

सईनं नाव टाइप केलं आणि मी किंचाळले, “नाव वाच! पुन्हा वाच नाव!” कोथिंबिरीची जुडी तिच्या कीबोर्डवर.

“अगं आजी, फाइलच दिलीय मी! काय झालं तुला?”

“काही नाही. दूध उतू जातंय वाटतं.”

“दूध फ्रीजमध्ये आहे.”

पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेलेली नाही. पण त्या दिवसापासून मला झोप लागलेली नाही, आणि म्हणून हे लिहायला बसले.

तर – त्याच सकाळी, शालन कापडं आवरायला गेली आणि कॉलेजनं मागवलेली नवी डिस्क आली. काळी, चकचकीत, निळा दिवा. शालनची प्रत आधी काढायची की नाही? दहा मिनिटं! पण नव्या डिस्कचा आकडा बघायची मला कोण घाई. ती रिकामी होती, तेव्हा मी अख्ख्या डिस्कचंच नाव दिलं, लिहायला लावलं, दोन मिनिटं चालवलं. उत्तम आकडा आला. मी तो दोन-तीन जणांना जाऊन सांगूनही आले. कुणी विचारलं नव्हतं.

मग लाइट गेली. तेव्हा भारनियमन असायचं आणि लॅबच्या बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या, त्यामुळं मशीन बंद. मी डबा खाल्ला – त्या दिवशी भरलं वांगं होतं, तेही आठवतं. लाइट आली, मशीन चालू केलं. आता मशीन काय करतं, जोडलेल्या डिस्क जशा सापडतील तशी त्यांना नावं देतं – पहिली, दुसरी, तिसरी. सकाळी शालनची दुसरी होती आणि नवी तिसरी. दुपारी ती नावं उलटी लागली. असं होतं. असं होतं हे मी स्वतः पोरांना शिकवायचे – ‘लिहायच्या आधी नाव तपासा रे, मशीन उठलं की नावं बदलतात.’ वहीत लाल शाईनं लिहून घ्यायला लावायचे.

तेवढ्यात एक नवे सर लॅबमध्ये डोकावले. मग काय! या, या सर, नवी डिस्क बघा. पुन्हा टाइप कशाला करायचं? कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला की जुनी कमांड जशीच्या तशी परत येते. बाण दाबला. आली. एंटर.

निळा दिवा लुकलुकायला हवा होता. तो स्थिर. आणि त्याच्या शेजारी, ब्लाऊजपीसच्या पिशवीवर ठेवलेल्या तपकिरी डिस्कचा बारका हिरवा दिवा थरथरत होता.

किती वेळ मी त्या दिव्याकडं बघत बसले? अर्धं मिनिट असेल. मग बोटांनी कमांड तोडली.

“स्पीड चांगला आहे का, मॅडम?” सरांनी विचारलं.

“जरा कमीच आहे,” मी म्हणाले. त्या दिवसातलं माझं ते शेवटचं खरं वाक्य.

ही झाली चूक. मूर्खपणा म्हणा, माज म्हणा. इथवर कोणी सांगितलं तर मी त्याला म्हणेन, जाऊ दे रे, होतं. पण तुम्हाला वाटलं का, पंधरा वर्षं मी एवढ्यासाठी गप्प बसले? इथं थांबले असते तर मी हे केव्हाच हसत हसत सगळ्यांना सांगितलं असतं. मी गोष्ट रंगवून सांगते, लोक म्हणतात.

अर्ध्या मिनिटात डिस्कचा थोडासा भाग पुसला होता. पुस्तकाची अनुक्रमणिका आणि पहिली एक-दोन प्रकरणं फाटावीत, तसं. मशीनला डिस्क कोरी दिसत होती, कारण अनुक्रमणिका नव्हती. पण बाकीचं पुस्तक आत होतं. दोन कॅसेटी गेल्या असतील, फार तर तीन. पंधरा शाबूत होत्या. जाणत्या माणसाकडं दिल्या असत्या तर त्यानं त्या एकेक करून बाहेर काढल्या असत्या. हे मला तेव्हाच माहीत होतं. त्याच मिनिटाला.

मी शालनला काय सांगितलं? “डिस्क गेली, शालन. जुनी होती. लाइट गेली-आली ना, त्यात गेली.”

“समदं?”

“हो.”

ती रडली नाही. कापड झटकत होती ते झटकत राहिली. मग म्हणाली, “सकाळी एक तरी ऐकली, बरं झालं,” आणि पोरांच्या चपला सरळ करायला बाहेर गेली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. ती परत आत आली तेव्हा बोलायला हवं होतं. संध्याकाळी ती माझ्यासाठी चहा घेऊन आली – कारण बाईंना वाईट वाटलंय – तेव्हा तर बोलायलाच हवं होतं. तिच्या हातचा चहा प्याले. साखर कमी आहे म्हणाले.

तीन-चार दिवसांनी ती जरा उजळलेल्या चेहऱ्यानं आली. तिचा भाऊ दुधाचा टँकर घेऊन पुण्याला जायचा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, तिथं एक माणूस मेलेल्या डिस्कमधलं बाहेर काढतो. “बाई, बगू तरी. सोमवारी त्यो न्हेतो म्हनलाय. तेवढी डिस्क द्या.”

“सोमवारी देते,” मी म्हणाले. “तोवर मी आणखी एकदा बघते.”

तो शनिवार होता, दुपारनंतर सुट्टी.

आता सांगते. वळसे घालून झाले.

तो पुण्याचा माणूस डिस्क उघडणार आणि पहिल्या पाच मिनिटांत म्हणणार – ही बिघडलेली नाही, हिच्यावर कुणीतरी लिहिलंय. कुणी? डिस्क कुणाकडं होती? एवढं माझ्या डोक्यात आलं. नोकरी जाणार नव्हती. कुणी शिव्या देणार नव्हतं. शालननं तर नाहीच. फक्त सर्व्हरबाईंना नाव वाचता येत नाही, एवढं चार लोकांना कळलं असतं. आणि मी शालनला खोटं सांगितलं हे शालनला. बस. एवढ्यासाठी –

एवढ्यासाठी मी शनिवारी दुपारी लॅबला आतून कडी घातली, ती पिशवी सोडली, डिस्क जोडली, आणि फायो पुन्हा चालवलं. या वेळी बाण दाबला नाही. एकेक अक्षर टाइप केलं. डिस्कचं नाव तीनदा तपासलं. पोरांना शिकवायचे अगदी तसं. आणि वेळ दिली नाही, अख्खी डिस्क दिली – या टोकापासून त्या टोकापर्यंत लिही, म्हणजे त्या माणसाला आत वाचायला काहीच उरू नये.

पाऊण तास लागला. पडद्यावर टक्के चढत होते. बारा. पंधरा. मी मनात म्हणत होते, आता लाइट जाऊ दे. रोज जाते, आज का जात नाही? लाइट गेली असती तर मी पुन्हा चालू केलं असतं का? मला वाटतं केलं असतं. हात कुणी धरला नव्हता. कीबोर्डवरची दोन बटणं एकदम दाबली की थांबलं असतं. माझं बोट तिथून वीतभर लांब होतं. पस्तीस. चाळीस. कुठल्या टक्क्याला त्याचा चहा गेला? कुठल्या टक्क्याला ‘जेवलीस का’ गेलं, आणि त्यापुढची ती सोडलेली जागा? त्या हत्याराला आवाज आणि शांतता यांत फरक नाही. दोन्हींवर सारख्याच वेगानं लिहिलं.

शंभर झाले आणि हिशेबाच्या चार ओळी छापून आल्या. आजही मला पाठ आहेत. वेग चांगला, एकसारखा. आणि चुका – शून्य. डिस्क ठणठणीत होती. तिच्यात काही म्हणजे काही दोष नव्हता.

मी ती पुन्हा पिशवीत घातली, नाडी ओढली, गाठ मारली. शालन मारायची तशीच, दुहेरी.

आता तुम्ही विचाराल, पुढं सांगितलंस का? नाही. त्यानंतर आठ वर्षं आम्ही एकाच लॅबमध्ये होतो. दुपारचा डबा एकत्र. मी निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली आणि शालननं माझे पाय धरले. मी तिला उठवताना रडले. लोकांना वाटलं, निरोपाचं रडणं.

ती सांगलीतच असते, लेकीकडं. दिवाळीला फोन करते, माझ्या स्टीलच्या गुडघ्याची चौकशी करते. तिचा फोन यावा म्हणून मी दसऱ्यापासून वाट बघते – आणि आला की मुलीला म्हणते, सांग आई अंघोळीला गेलीय. मग दिवसभर अंगणात येरझाऱ्या. एवढ्या म्हाताऱ्या बाईनं दिवाळीच्या सकाळी तीनदा अंघोळ केली आहे, कुणी विचारलं तर.

कधी कधी दुपारी घरात कुणी नसलं की मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करते. ती एक कॅसेट. वारा येतो, खोकला येतो. शब्दही सगळे येतात. पण आवाज – आवाज माझ्या नवऱ्याचा येतो. आणि तो तर असं कधी बोललाच नव्हता. मग मी उत्तराएवढी जागा सोडून थांबते. कुणीतरी विचारेल म्हणून नव्हे. सवय लागली.

शालन वाचते. सावकाश, ओठ हलवत, पण सगळं वाचते. हे तिच्या हातात पडेल. म्हणून मी तिचं नाव बदललेलं नाही, आणि कॅसेटी किती होत्या तेही.

एकच राहिलं. सोमवारी भाऊ डिस्क घेऊन गेला, आणि आठ-दहा दिवसांनी परत घेऊन आला. शालन ती पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी आली. मी पडद्यावर काहीतरी महत्त्वाचं बघत होते – पडदा कोरा होता. तिला त्या पुण्याच्या माणसानं नक्की काय सांगितलं, तिला त्यातलं किती कळलं, कळूनही तिनं ते कुठं ठेवलं – मला माहीत नाही. मी तेव्हा तिच्या चेहऱ्याकडं बघितलं असतं तर कदाचित माहीत असतं. मी बघितलं नाही. तिनं पिशवी कीबोर्डच्या शेजारी ठेवली, हातानं सारखी केली आणि म्हणाली,

“त्यो मानूस म्हनला, डिस्क चांगली हाय, बाई, कायसुदिक झालेलं न्हाई तिला, नुसती मोकळी हाय. मी मोकळी घिऊन काय करू? तुमीच ठिवा. तुमी माज्यापायी शनवारी सुट्टीची दुपार घालवलीसा, वाचमन सांगत हुता.”